नववा हात

"कोपर सरळ! मथुराताई, कोपर सरळ ठेवा. असं अर्धं वाकवलं तर हात मताला वर नेला का पदर सावरायला, ते मोजणाऱ्या साहेबाला कसं कळायचं?"

मथुरानं कोपर सरळ केलं. मनगटावरच्या बांगड्या खळखळत खाली कोपराकडे घसरल्या. भिकननं मान डोलावली आणि हातातल्या मेनूकार्डाकडे पाहून पुन्हा घसा खाकरला. इगतपुरीकडच्या त्या रिसॉर्टच्या जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं भिंतीला सारून पाच खुर्च्या रांगेनं मांडल्या होत्या. खुर्च्यांवर पाच नगरसेविका बसल्या होत्या आणि एरवी आप्पांची गाडी चालवणारा भिकन आज प्रांतसाहेब झाला होता.

"सौभाग्यवती निकिताताईंच्या बाजूनं जे असतील, त्यांनी हात वर करावेत."

पाच हात वर गेले. पाचवा हात खुद्द निकिताचा होता. मांडीवर चार महिन्यांचं मूल झोपलेलं, डावा हात त्याच्या मानेखाली, आणि उजवा हात आपल्याच नावाला वर.

"आन् दुसरं नाव घेतलं का?"

"हात मांडीवर," बाया एका सुरात म्हणाल्या.

"घेऊन बघू का दुसरं नाव?"

"नको रे बाबा," कडेची एकजण म्हणाली, "उगं सवय लागायची." त्यावर सगळ्या हसल्या. मथुराही हसली. हसणाऱ्यांत न हसणारी लगेच डोळ्यांत भरते, एवढं तिला दोन दिवसांत कळून चुकलं होतं.

या तालमीमागं इतिहास होता. मागच्या खेपेला अध्यक्षपदाच्या मतदानात आप्पांच्या गटातला एक हात अर्धाच वर गेला. समोरच्यांनी हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं आणि आप्पांच्या पुतण्याची खुर्ची तारखा पडता पडता निसटली. तेव्हापासून रंगनाथआप्पा निवडणुकीआधी हाताची तालीम घेतल्याशिवाय राहत नसत. तालीम फक्त बायांची. आप्पांसह गटातले चार पुरुष नगरसेवक बाहेर पोहण्याच्या तलावाकाठी पत्ते कुटत बसले होते. गंमत अशी की, मागच्या खेपेला हात अर्धा ठेवणारा गडी पुरुषच होता. पण हे आप्पांना कोण सांगणार? ज्याच्या हाती ससा तो पारधी.

सिन्नरच्या पलीकडं, पाऊस जिथं वाट चुकल्यासारखा येतो, तिथली ही नगरपंचायत. सदस्य सतरा. आप्पांकडे त्यांना स्वतःला धरून नऊ, समोरच्यांकडे आठ. सोडतीत अध्यक्षपद बाईसाठी राखीव निघालं आणि आप्पांनी सुनेचं, निकिताचं नाव पुढं केलं. नऊ आणि आठ यांत अंतर एकाच हाताचं, म्हणून निकाल लागल्यापासून आप्पांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यांनी सगळ्या गटाला जोडीदारांसकट गाडीत घातलं आणि इगतपुरीला आणून ठेवलं. याला सहल म्हणायचं. सहलीत देवदर्शन होतं, दोन वेळचं गोडधोड होतं, बायांना एकेक पैठणीच्या काठाची साडी होती. फोन तेवढे भिकनच्या कापडी पिशवीत जमा होते. कुणाला घरी बोलायचं असलं तर भिकन फोन लावून द्यायचा आणि बोलणं होईपर्यंत शेजारी उभा राहायचा.

मथुरा गावात आली ती लग्न होऊन, आणि आल्या दिवसापासून टँकरच्या रांगेत उभी राहिली. तिची वस्ती आणि दर्ग्यामागचा मोहल्ला, दोहोंना मिळून एकच टँकर. वस्तीच्या डोक्यावर टेकाडावर पाण्याची मोठी टाकी मात्र बांधून तयार. टाकीवर आप्पांचं नाव निळ्या रंगात, लांबून वाचता येईल असं. टाकीला लागणारे पाइपही येऊन पडलेले, पोरं त्यांत लपाछपी खेळायची. फक्त जोडणी राहिली होती, आणि ती तीन वर्षं राहिलीच होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. टँकर आप्पांच्या मेव्हण्याचे होते. जोडणी का होत नाही, हे वस्तीत कुणी कुणाला विचारत नसे.

विचारलं ते एकट्या सलिमानं. मोहल्ल्यात शाळेचे गणवेश शिवून पोट भरणारी बाई, पण अर्ज लिहायला बसली की भल्याभल्यांना घाम फुटायचा. एकदा मथुराला सोबत घेऊन ती थेट नाशिकला कलेक्टर कचेरीत गेली होती. दिवसभर बाकावर बसून साहेब काही भेटले नाहीत. परतीची एसटी यायला अवकाश होता, तेव्हा सीबीएसवर दोघींनी एका पुड्यात भेळ खाल्ली. सलिमा म्हणाली होती, "मथुराभाबी, आपल्यातली एक जरी त्या नगरपंचायतीत गेली ना, पहिलं काम टाकी." मथुरानं भेळेच्या हातानंच तिच्या हातावर टाळी दिली होती.

पुढं दोन्ही वॉर्ड बायांना राखीव झाले. दोघी उभ्या राहिल्या आणि दोघी निवडून आल्या, पण तिकिटं दोन वेगळ्या पक्षांची. मथुराला आप्पांनी उभं केलं, कारण वस्तीत तिच्या शब्दाला मान होता आणि तिचा नवरा धनराज आप्पांच्या कांद्याच्या खळ्यावर मुकादम होता. सलिमाला समोरच्यांनी उभं केलं. आता अध्यक्षपदाला निकितासमोर सलिमाच होती. आणि मथुरानं हात कुणाला वर करायचा, ते एका मेनूकार्डावर ठरलं होतं.

सहलीची गाडी वस्तीत आली, त्या सकाळी म्हातारी साळूबाई रिकामा हंडा कमरेवर घेऊनच गाडीपाशी आली होती. रांगेत मथुराच्या पुढं किंवा मागं साळूबाई असायचीच. भरलेला हंडा एकटीनं डोक्यावर चढत नाही, दुसरीचा हात लागतो. मथुराला तो हात वीस वर्षं साळूबाईचा होता आणि साळूबाईला मथुराचा.

"मथुरे," गाडीच्या खिडकीत तोंड घालून ती म्हणाली, "आपल्याला राजकारण कळत नाय. जी कोण टाकी जोडील, तिच्या नावानं हात कर. बस."

भिकन स्टिअरिंगवरून वळून बघत होता. मथुरानं नुसती मान हलवली.

दुपारी जेवणं झाल्यावर निकिता मुलाला घेऊन मथुराच्या खोलीत आली. नाशिकला इंजिनीअरिंग शिकलेली मुलगी, आप्पांच्या घरात येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. मूल किरकिरत होतं. मथुरानं त्याला उभं धरून पाठ थोपटली, तसं ते ढेकर देऊन शांत झालं.

"काकू, एक विचारू? हसणार नाही ना?" निकिता पलंगाच्या कडेवर बसली. "अध्यक्षाला नक्की काय काय करावं लागतं?"

मथुराला हसू आलं नाही. पोरीनं प्रामाणिकपणे विचारलं होतं. तेवढं तर दोन दिवसांत दुसऱ्या कुणी विचारलंही नव्हतं.

"आप्पांनी काय सांगितलं?"

"पप्पा म्हणाले, सही तेवढी करायची. बाकी ते बघतील. पंधरा ऑगस्टला झेंडा मात्र मीच फडकवायचा म्हणे."

मथुरानं मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तिला टाकीचं सांगितलं. टेकाड, पाइप, रांग, भांडणं, गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या नळीवरून फुटलेलं एका पोरीचं डोकं. निकिता मन लावून ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या कपाळावर आठी पडली.

"पण हे तर थोडंसंच काम आहे. जोडणी म्हणजे फार तर आठवडा."

"तू करशील?"

निकितानं दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, तरीही तिचा आवाज खाली आला.

"मला विचारतील का, काकू?"

मथुराला तिचा राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान मन एका बाजूला तरी लागलं असतं. तिनं मूल परत निकिताच्या हातात दिलं आणि त्याच्या टोपड्याची सुटलेली नाडी बांधली.

निकिता गेल्यावर ती न्हाणीघरात शिरली. इथं तोटी फिरवली की पाणी येई, पाहिजे तेवढं, पाहिजे तेव्हा. पलीकडं धरणं आहेत, पाण्याला तोटा नाही, असं तिथला वेटर सांगत होता. पहिल्या दिवशी तिनं सवयीनं बादली भरून ठेवली होती आणि धनराज तिला हसला होता. आज तिनं तोटी पुरती सोडली. पाण्याचा आवाज न्हाणीघरभर झाला. आरशापुढं उभी राहून ती हळूच म्हणाली, "सलिमा."

आणि हात वर केला. कोपर सरळ.

आरशातली बाई तिला जरा अनोळखी वाटली, पण वाईट दिसत नव्हती.  हात खाली घेऊन तिनं आधी तोटी बंद केली. वाहून गेलेल्या पाण्याची तिला लाज वाटली.

संध्याकाळी गॅलरीत धनराज तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. 

"पक्षादेश आपल्या घराच्या दारालाबी चिकटवलाय म्हणे. उलटा हात गेला तर सदस्यपद जातं. सहा वर्षं उभं राहता येत नाय."

"मला कशाला सांगता?"

"तू गप बसली का मला भ्या वाटतं, म्हणून सांगतो."

 तो कठड्यावर बोटं आपटत राहिला.

"खळ्यावरचं काम गेलं तर या वयात मला कोण ठेवणार? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, मथुरा."

"पाणी कुठंय?" ती म्हणाली.

धनराजनं तिच्याकडे पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात त्याला बायकोचा एवढा आवाज ओळखता येत होता. त्याचा चेहरा उतरला, पण तो आत जाऊन कुणापाशी काही बोलला नाही. त्याच्याकडून एवढी साथ पुष्कळ होती, आणि मथुरानं ती मनात नोंदवून ठेवली. एकच गोष्ट तिला सलत होती. सलिमाला कळवायचं कसं? नववा हात तिच्याकडे येतोय, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. पण फोन पिशवीत होता आणि पिशवी भिकनच्या खांद्याला. कळवायचं कशाला म्हणा, असं तिनं मनाला समजावलं. उद्या तिला डोळ्यांनीच दिसेल. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

सकाळी गाडी घोटीवरून सिन्नरच्या रस्त्याला लागली. खिडकीबाहेरचा हिरवा रंग हळूहळू विरत गेला आणि सिन्नरची कारखान्यांची वसाहत मागं पडल्यावर उरली ती नुसती पिवळी माळरानं. बाया नव्या साड्यांच्या निऱ्या जपत बसल्या होत्या. टेकाडावरची टाकी लांबून दिसली. निळी अक्षरं उन्हात स्वच्छ वाचता येत होती. मथुराला मागं फिरावंसं वाटलं नाही. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

नगरपंचायतीच्या सभागृहात दोन्ही गट समोरासमोर बसले. सलिमा पलीकडच्या रांगेत पहिल्याच खुर्चीवर होती. धुवून इस्त्री केलेला ड्रेस, डोक्यावर ओढणी, मांडीवर दोन्ही हात. मथुरानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. सलिमानं नजर उचलली, ओळखीचं हसली आणि पुन्हा खाली पाहू लागली.

खरे प्रांतसाहेब भिकनपेक्षा बारीक आवाजाचे निघाले. त्यांनी दोन्ही अर्ज वैध असल्याचं वाचून दाखवलं.

"माघारीसाठी पंधरा मिनिटांचा वेळ आहे. त्यानंतर मतदान घेऊ."

पंख्याची घरघर ऐकू येत होती. इतक्यात दारात शेखरभाऊ दिसले. सलिमाच्या पक्षाचे तालुक्याचे कारभारी. सदस्य नसल्यानं त्यांना आत यायची मुभा नव्हती, म्हणून त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सलिमाला बोटानं खूण केली. सलिमा उठून बाहेर गेली.

मथुरा उघड्या दाराकडे पाहत होती. व्हरांड्यात शेखरभाऊंची पाठ दिसत होती आणि त्यांच्या खांद्याआड सलिमाच्या ओढणीचं टोक. शेखरभाऊ बोलत होते. ओढणी हलत नव्हती. बोलणं माघारीचं चाललंय, हे मथुराच्या ध्यानात आलं आणि ती ताडकन उभी राहिली.

"काय पाहिजे, ताई?" मागच्या खुर्चीवरून आप्पांनी अगदी मायेनं विचारलं.

"पाणी."

"बसा ना, तुम्ही कशाला उठता? मागवतो."

आप्पांचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर होता. शेजारच्या दोघींनी गुडघे आडवे केले होते, मुद्दाम की सहज, कोण जाणे. तिला ओरडून सांगता आलं असतं. भर सभागृहात, प्रांतसाहेबांसमोर, एवढंच की सलिमा, थांब. नंतर कित्येक दिवस ती मनातल्या मनात तेवढं ओरडणार होती. त्या वेळी मात्र शिपायानं आणलेली बाटली तिनं घेतली आणि ती खाली बसली. बाटलीचं सीलही तिनं तोडलं नाही.

सलिमा आत आली ती सरळ टेबलापाशी गेली. प्रांतसाहेबांनी कागद पुढं केला. तिनं उभ्या उभ्याच सही केली आणि पेन टोपण लावून परत ठेवलं.

"एक अर्ज मागे घेण्यात आल्यामुळे," प्रांतसाहेब वाचू लागले, आणि पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. बाहेर फटाक्यांची माळ कडाडली. माळ आधीच अंथरून ठेवलेली असणार. भर सभेत कुणी फटाके आणायला पळत गेलं नव्हतं. आप्पांच्या बाजूचे उठले, समोरच्या बाजूचेही उठले, आणि एकमेकांना पेढे भरवू लागले. तासाभरानं उपाध्यक्षपदाला शेखरभाऊंच्या सख्ख्या भावाचं एकच नाव आलं, तेव्हा न समजणाऱ्यालाही समजलं. दोन्ही पदं बिनविरोध. गावाची एकी, असं म्हणत आप्पांचे डोळे पाणावले.

"फोटो घेऊ द्या," वार्ताहर म्हणाला.

"असा नको," आप्पा म्हणाले, "हात वर करून घ्या. सतराच्या सतरा. पेपरात दिसलं पाहिजे."

हात वर जाऊ लागले. आप्पांचे नऊ, त्यांतला एक सोडून. मथुरानं मांडीवरचा हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता. समोर निकिता मुलाला कडेवर घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा दिसत होता. पलीकडच्या रांगेत आठ हात होते. सगळ्यांत शेवटी सलिमाचा हात वर गेला. चांगला सरळ, खांद्यापासून. डोळे मात्र कुठंतरी पंख्याकडे.

ते पाहिलं आणि मथुराच्या मुठीतला हात सुटला. आता तो धरून ठेवायला कारणच उरलं नव्हतं. बांगड्या खळखळत कोपराकडे घसरल्या. फोटो निघाला.

जिन्याखालच्या हात धुण्याच्या जागेपाशी दोघींची गाठ पडली. बेसिनला तोटी होती, पण तोटीला पाणी नव्हतं. सलिमा बोटांना लागलेला पेढा रुमालानं पुसत होती.

"नंबर नाही म्हणाले," मथुरानं न विचारताच ती सांगू लागली. "आठच हात आहेत, हरून हसं करून घेण्यापेक्षा माघार घे. उपाध्यक्षपद तरी पदरात पडतंय."

"कुणाच्या पदरात?"

सलिमानं रुमाल उलटा केला. "मी म्हटलं, हरू द्या. पण मतदान होऊ द्या, कोण कोण कुणाकडे आहे ते गावाला दिसू द्या. तर म्हणाले, पक्षानं ठरवलंय." तिनं रुमालाची घडी केली. "नववा असता ना भाबी, तर मी नसतं कुणाचं ऐकलं. अल्लाकसम."

"नववा होता," मथुरा म्हणाली.

सलिमाची बोटं घडीवर थांबली. तिनं मथुराकडे पाहिलं, मग मथुराच्या उजव्या हाताकडे. बाहेर फटाक्यांची दुसरी माळ लागली होती. ती संपल्यावर सलिमा बोलली.

"एक फोन करायचा होता."

"माझा फोन भिकनच्या पिशवीत होता."

सलिमा हसल्यासारखी झाली, पण हसू ओठांपर्यंत आलंच नाही. "माझा शेखरभाऊंच्या खिशात," ती म्हणाली.

वरून कुणीतरी दोघींना हाक मारली. मिरवणूक निघत होती आणि त्यात बाया पुढं हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी टँकर उशिरा आला. मथुरानं साधं लुगडं नेसलं, हंडा घेतला आणि रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहिली. पैठणीच्या काठाची साडी तिनं पेटीत अगदी तळाशी ठेवली होती. रांगेतलं बोलणं तिला बघताच थांबलं. साळूबाई बरीच पुढं होती.

"साळूमाय," मथुरानं हाक दिली.

म्हातारीनं वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असेल, अशी तयारी करूनच मथुरा घरातून निघाली होती. दोन शिव्या ऐकू, मग सगळं सांगू, असं तिनं ठरवलं होतं. पण म्हातारीच्या डोळ्यांत राग नव्हता.

"फोटो बघितला. नातवाच्या फोनवर आलता," साळूबाई म्हणाली. "हात चांगला सरळ आलाय तुझा."

"साळूमाय, मी दुसऱ्याच नावाला..." मथुरा बोलता बोलता थांबली. पुढं काय सांगायचं? जे मतदान झालंच नाही, त्यात आपण कुणाला मत देणार होतो, हे? सतरा हातांच्या फोटोत तिचा हात तिच्या कपाळापेक्षा उंच होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

साळूबाई रांगेतून बाहेर आली. तिनं मथुराच्या हातातला हंडा काढून घेतला, पुढं नेला आणि सगळ्यांत पहिला ठेवला.

"मॅडमचा हंडा आधी भरा गं," ती म्हणाली. "त्यांना कामं असत्यात."

कुणी हसलं नाही. कुणी कुजकं बोललं नाही. बायांनी दोन दोन पावलं मागं सरून वाट दिली. मोठ्या घरच्या बाईला द्यावी तशी. मथुरा पुढं आली. नळी हंड्यात पडली, हंडा भरला, काठावरून पाणी सांडू लागलं आणि पायाखालची माती काळी झाली. नळी बाजूला झाली तरी ती तशीच उभी होती. भरलेल्या हंड्याच्या काठाला एका बाजूनं तिनं हात घातला आणि दुसऱ्या बाजूकडे पाहत राहिली.

साळूबाई पदराच्या टोकाला गाठ मारत होती. बाकीच्या टेकाडावरच्या टाकीकडे बघत होत्या.

टँकरच्या केबिनमधून भिकन उतरला. आज ड्रायव्हर रजेवर होता, म्हणून आप्पांनी त्यालाच पाठवलं होतं. धावत येऊन त्यानं हंडा उचलला आणि आपल्या खांद्यावर घेतला.

"तुम्ही कशाला, मॅडम? मी पोचवतो ना घरी."

तो पुढं चालू लागला. मथुरा रिकाम्या हातानं त्याच्या मागं निघाली. मागं साळूबाईनं आपला हंडा नळीखाली सरकवला.